ऑफिससाठी प्रिंटर घेताय? आधी एका पानाचा खर्च काढा

प्रिंटर घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" खरं तर विचारायला हवं, "महिन्याला किती पानं निघणार, आणि कसली?" प्रिंटर एकदाच घ्यायचा असतो, शाई, टोनर आणि कागद मात्र दर महिन्याला. नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र टाकायचं असेल, क्लासेसचं ऑफिस सांभाळायचं असेल, तर धंद्याचं गणित इथेच बसतं किंवा फसतं.

गणित अगदी सोपं आहे. कार्ट्रिजची किंमत भागिले त्यातून निघणारी पानं. समजा, स्वस्तातला कार्ट्रिजवाला इंकजेट घेतला. कार्ट्रिज ९०० रुपयांना आणि पानं निघतात १८०. म्हणजे एका पानाला नुसत्या शाईचे ५ रुपये! गिऱ्हाइकाकडून ५ रुपये घेतले तरी कागद आणि वीज तुमच्या खिशातून. आता इंक टँक बघा. एप्सनच्या बऱ्याच टँक प्रिंटरना चालणारी ००३ नंबरची काळी बाटली ६५ मिलीची असते आणि कंपनी तिच्यावर ४,५०० पानं सांगते. बाटली ४०० रुपयांना धरली तरी पान ९ पैशांच्या आत. दर तुमच्या दुकानातले घ्या, पण भागाकार केल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॉक्सवरचा पानांचा आकडाही जसाच्या तसा धरायचा नाही. लेझर टोनरचा आकडा साधारण ५ टक्के भाग छापलेल्या पानावर ठरतो, म्हणजे साधं पत्र. आपल्याकडचे अर्ज चौकटींनी भरलेले, वर फोटो, मथळे ठळक. मी तर अशा कामाला एक तृतीयांश पानं कमीच धरतो.

लेझर की इंक टँक?

मराठवाड्यातल्या ऑफिसांमध्ये एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० ही दोन जुनी यंत्रं अजून दिसतात. १०२० ला १२ए कार्ट्रिज लागतं, २९०० ला ३०३. दोन्हींवर कंपनी २,००० पानं सांगते. वाय-फाय नाही, पानाच्या दोन्ही बाजू आपोआप छापणं नाही, तरी लोक ती सोडत नाहीत. कारण रिफिल करून देणारा सहज सापडतो आणि सुटे भागही मिळतात. नवीन मॉडेल घेताना हाच प्रश्न दुकानदाराला विचारा: याचा टोनर आणि ड्रम इथे गावात मिळतो का, की दरवेळी पुण्या-हैदराबादहून मागवायचा?

लेझरचा मोठा फायदा वेगळाच आहे. टोनर ही भुकटी असते आणि ती उष्णतेने कागदावर वितळून चिकटते, म्हणून पाण्याने पसरत नाही. जुलैच्या पावसात लोहा किंवा औशाहून एखादा शेतकरी सातबारा, दाखले पिशवीत घालून तहसीलला निघाला आणि थेंब पडले, तर डाय शाईचं पान फिस्कटतं. त्याची अख्खी चक्कर वाया! टँकच घ्यायचा असेल तर काळी शाई पिगमेंट आहे का ते विचारा. ती पाण्याला बरीच टिकते.

लेझरची अडचण विजेची. आतला रोलर तापताना तो काही शे वॅट खेचतो, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टर कुरकुरतो. यूपीएसवर तर तो लावूच नका. इंक टँक छापताना १०-१५ वॅटमध्ये भागवतो. लोडशेडिंगच्या गावात केंद्र असेल तर हा मुद्दा रंगीत प्रिंटपेक्षा महत्त्वाचा.

टँकचं दुखणं उन्हाळ्यात निघतं. लातूर पॅटर्नच्या क्लासेसमध्ये वर्षभर नोट्स छापल्या जातात, मे महिन्यात नीट झाली की प्रिंटर पंधरा-वीस दिवस झाकून ठेवतात. चाळिशीपार गेलेल्या उन्हात हेडमधली शाई वाळते, मग हेड क्लीनिंग करत बसा. त्यात शाई जाते आणि ती वाया गेलेली शाई शोषणारं पॅड भरतं. पॅड भरलं की प्रिंटर छापायचंच थांबवतो. सुट्टीतही आठवड्याला एक रंगीत पान काढा, बस.

माझं मत विचाराल तर दाखले-अर्जांच्या केंद्राला काळा-पांढरा लेझर, आणि जीवशास्त्राच्या रंगीत आकृत्या छापणाऱ्या क्लासला टँक. दोन्ही कामं असतील तर एकच महागडं यंत्र घेण्यापेक्षा साधी दोन घ्या. एक बंद पडलं तरी दुकान चालू राहतं.

शाई कुठे गळते?

सगळ्यात जास्त व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंमध्ये. मोबाईलने काढलेल्या कागदाच्या फोटोत पांढरी जागा करडी दिसते आणि प्रिंटर ते करडंही इमानदारीत छापतो. आधी फोनमधल्या स्कॅन अॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा, कडा कापा, मग प्रिंट द्या. कच्च्या प्रतीला ड्राफ्ट किंवा टोनर सेव्ह मोड, नोट्सना एका पानावर दोन पानं. क्यूआर कोड असलेला दाखला मात्र ड्राफ्टमध्ये काढू नका. फिका कोड स्कॅन झाला नाही तर गिऱ्हाईक परत तुमच्याच दारात.

रिफिल करायला हरकत नाही, पण ड्रम कधी संपला ते ओळखता आलं पाहिजे. पानावर तोच डाग ठरावीक अंतरावर पुन्हा दिसतोय? पट्टीने मोजा. १२ए मध्ये हे अंतर साधारण ७५ मिमी आलं तर डाग ड्रमचा, आणि नुसती भुकटी भरून तो जाणार नाही.

कागदातही फसवणूक होते. रीमवर ७५ जीएसएम लिहिलेलं आणि आत पातळ कागद. ए-फोरची १६ पानं मिळून बरोबर एक चौरस मीटर होतात. तेव्हा १६ पानं मोजा आणि शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. ७५ ग्रॅमच्या आसपास भरली तर कागद खरा, ६५ भरली तर रीम परत करा.