गजकर्ण नव्हतंच ते!

सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तापीकाठचा घोडेबाजार बघायला कुठून कुठून माणसं येतात. अशा यात्रांतल्या मलमवाल्याची आरोळी मी लहानपणापासून ऐकत आलो. खाज, खरूज, नायटा, गजकर्ण, सगळ्यांवर एकच डबी! त्याला हसू नये. भल्याभल्यांनी शेकडो वर्षं कातडीचे नाना आजार एकाच नावाखाली कोंबले होते.

चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत. त्यातल्या 'एककुष्ठा'त त्वचा माशाच्या खवल्यांसारखी होते. आजचे बरेच वैद्य हे वर्णन सोरायसिसशी जुळवतात. लोकांच्या तोंडी मात्र कुष्ठ म्हणजे महारोग एवढंच उरलं. युरोपातही तोच घोळ. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ मध्ये सोरायसिसचं नेमकं वर्णन केलं, पण त्याच्या एका प्रकाराला 'लेप्रा' हेच नाव राहू दिलं. ते १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी काढून टाकलं.

मी शब्दांत रमणारा माणूस, पण एक शब्द एवढा महाग पडावा? आपल्याकडे १८९८ चा महारोग्यांचा कायदा होता. निराधार रोग्याला पोलीस पकडत, डॉक्टर तपासून दाखला देत, मॅजिस्ट्रेट आश्रमात धाडी. दाखला देणाऱ्याची नजर चुकली, तर माणूस घरादाराला मुकला! हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं.

एक चूक मात्र फळली. ब्राझीलमधल्या एका झाडाची भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात येई आणि गजकर्णावर खपे. तिचं नावच पडलं 'गोवा पावडर'. लंडनमध्ये एका रोग्याने गजकर्ण समजून ती लावली आणि त्याला उतार पडला. डॉ. बालमानो स्क्वायर यांनी बघितलं, तर ते गजकर्ण नव्हतंच, सोरायसिस होता. ही गोष्ट १८७६ ची. त्याच औषधाच्या धाग्यावरून पुढे १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रेनॉल तयार झालं.

आजही सोरायसिस सांगणारी रक्ताची तपासणी नाही. डॉक्टर कोपर, गुडघे, डोक्याची कातडी, कंबर बघतात. लालसर चट्टा, वर चंदेरी पापुद्रा. तो खरवडला की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे खळगे. महारोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, इथे कळतो. शंका उरलीच, तर कातडीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्याआधीच स्टेरॉइडचं मलम चोपडलेलं असेल, तर खुणा पुसट होतात आणि डॉक्टरही चकतात.

मुलांचं आणखी अवघड. पापुद्रा पातळ, चट्टे चेहऱ्यावरही. तान्ह्यांना लंगोटाच्या जागी. कधी अंगभर थेंबाथेंबांसारखे ठिपके उठतात आणि आई गोवर समजून घाबरते. अशा वेळी जाणता डॉक्टर आधी विचारतो, "दोन-तीन आठवड्यांपूर्वी पोराचा घसा दुखत होता का?"