कंपनीच्या नावावरचा बंगला

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नवऱ्याची प्रायव्हेट लिमिटेड फाउंड्री आहे, मोटार आणि बंगला कंपनीच्याच नावावर आहे. घटस्फोटात पत्नीच्या हाती काय लागते? एकेक कागद पाहू.

पहिला 1954 चा निकाल. मुंबईच्या एका भागधारक महिलेला चहाच्या दोन कंपन्यांकडून 2,750 रुपये लाभांश मिळाला होता. त्यातला काही भाग शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त धरावा, अशी तिची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. भागधारकाला लाभांश मिळतो, कंपनी गुंडाळल्यास उरलेल्यात वाटा मिळतो. मळ्यावर त्याची मालकी नसते. तेव्हा आपल्या फाउंड्रीवाल्याचीही बंगल्यावर मालकी नाही, इतके निश्चित.

दुसरा, 1955 चा हिंदू विवाह कायदा. कलम 27 लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या समाईक मालमत्तेपुरते आहे. कलम 25 मात्र पोटगी ठरवताना उत्पन्नाबरोबर इतर मालमत्ताही पाहायला सांगते. कंपनीचा उल्लेख तिथे नाही. पण शेअर नवऱ्याचेच असतात, म्हणून त्यांची किंमत हिशेबात यावी, असे माझे अनुमान.

त्याला बळ मिळते सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालातून. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या पोटगीच्या वादात न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी दोन्ही पक्षांनी भरायच्या शपथपत्राचा नमुनाच जोडला. व्यवसाय एकट्याचा, भागीदारीचा की कंपनीचा, हे त्यात विचारले आहे. कंपनी असेल तर शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदाचा तपशील मागितला आहे. 1954 च्या निकालाने बंद ठेवलेल्या दारातून निदान आत डोकावण्याची ही सोय.

आणि कागद दडवले तर? 12 जून 2013 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हेच होते. नवरा आणि त्याच्या कंपन्यांनी माहिती दिली नाही. न्यायालयाने त्या मौनातूनच निष्कर्ष काढला: सात घरे कंपन्यांच्या नावावर असली तरी खरा मालक नवराच. काही घरे त्याने अवघ्या एका पौंडात कंपनीला दिली होती. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण तर्क उसना घेण्याजोगा आहे.

त्यासाठी पुरावा लागेल, आणि तो नवऱ्याच्या कपाटातच असतो असे नाही. कंपनीने पुण्याच्या कंपनी निबंधकाकडे भरलेले ताळेबंद शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. त्यांच्या टिपांत संचालकाचे मानधन, त्याला दिलेले भाडे, त्याच्याशी झालेली उसनवार शोधावी. आणि बंगला घेतला त्या वर्षी पैसा कुठून आला, हे आधी.