ऑनलाइन व्यापार : कंपन्यांचा सहभाग

ऑनलाइन व्यापार : कंपन्यांचा सहभाग. आंतरजालावरील खरेदी-विक्रीत कंपनीने आपले भांडवल, मनुष्यबळ व व्यवस्थापन किती प्रमाणात गुंतवावे, यासंबंधीचा निर्णय. स्थूलमानाने या सहभागाच्या चार पातळ्या मानता येतात : केवळ माहिती देणारे संकेतस्थळ, दुकानांना जोडून चालविलेली विक्री, स्वतंत्र उपकंपनी आणि सर्वस्वी जालावर आधारलेला व्यवसाय. यांखेरीज जालावरील विक्री दुसऱ्या कंपनीकडे सोपविण्याचा मार्गही काहींनी पत्करला.

या निवडीचा इतिहास अमेरिकेतील पुस्तकव्यापारात विशेष स्पष्टपणे दिसतो. ॲमेझॉनने जुलै १९९५ मध्ये सिॲटल येथून जालावर पुस्तकविक्री सुरू केली. तिची दुकाने नसल्याने स्वतःच्याच विक्रीला बाध येण्याचे भय तिला नव्हते. बार्न्स अँड नोबलने १९९७ मध्ये संकेतस्थळ काढले. पुढे बर्टल्समान या जर्मन कंपनीला निम्मा हिस्सा देऊन हा व्यवसाय वेगळा केला व १९९९ मध्ये त्याचे भाग विक्रीस काढले. अशा विभक्ततेमागे करविषयक कारणही होते. राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व नसलेल्या विक्रेत्यावर विक्रीकर-वसुलीची सक्ती करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने क्विल खटल्यात (१९९२) दिला होता. तो २०१८ मध्ये रद्द झाला. उपकंपनीचा दुकानांशी संबंध वाढला, तर ही सवलत धोक्यात येई. तथापि ग्राहकाला दुकान व जाल यांची एकत्रित सेवा हवी असे. २००४ मध्ये उपकंपनी पुन्हा मूळ कंपनीच्या पूर्ण मालकीत आली.

बॉर्डर्स या कंपनीने १९९८ मध्ये स्वतःचे संकेतस्थळ काढले. परंतु २००१ मध्ये तोट्यातील ही विक्री ॲमेझॉनकडे सोपविली. तात्कालिक खर्च वाचला, पण ग्राहकांशी असलेला थेट संबंध प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. २००८ मध्ये कंपनीने स्वतःचे संकेतस्थळ पुन्हा उभारले, तोवर उशीर झाला होता. कर्जाचा बोजा व दुकानांची महागडी भाडी यांचीही भर पडून २०११ मध्ये ती बंद झाली. तिच्या अखेरच्या सुमारे ४०० दुकानांतील सुमारे १०,७०० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

अतिसहभागही तितकाच घातक ठरला. बॉर्डर्सच्या संस्थापकांपैकी लुइस बॉर्डर्स यांनीच स्थापन केलेल्या वेबव्हॅन या किराणा-वितरण कंपनीने पुरेशी मागणी निर्माण होण्यापूर्वीच प्रचंड यांत्रिक गोदामे उभारली. जून १९९९ मध्ये सेवा सुरू करून जुलै २००१ मध्ये तिचे दिवाळे निघाले. उलट ब्रिटनमधील टेस्कोने प्रारंभी चालू दुकानांतूनच माल निवडून घरपोच दिला. त्यामुळे गुंतवणूक मर्यादित राहिली आणि मागणीनुसार सेवेचा विस्तार करता आला.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी आंतरजाल सेवा सर्वसामान्यांस खुली झाली. येथे मोठ्या कंपन्यांनी निरनिराळे मार्ग अनुसरले. वॉलमार्टने २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेऊन तयार व्यवसायच संपादन केला, तर जिओमार्टचा आरंभ नवी मुंबई, ठाणे व कल्याण या भागांत झाला व त्यात किराणा दुकानदारांना जोडून घेण्यावर भर होता.

या उदाहरणांवरून सहभागाची एकच आदर्श पातळी नाही, असे दिसते. मालाचे स्वरूप, वितरणखर्च, कायदा व हाती असलेली दुकाने यांवर ती अवलंबून असते. मात्र पातळी कोणतीही असली, तरी ग्राहकांशी असलेला थेट संबंध एकदा सोडून दिला, की तो पुन्हा मिळविणे दुष्कर असते.