दोन प्रोसेसरांचे यंत्र आणि वाचलेले तास

संगणकाचा इतिहास सांगणारे लोक बहुधा यंत्र कोणी शोधले, कोणत्या कंपनीने विकले आणि त्यात कोण श्रीमंत झाला, एवढे सांगून थांबतात. आमचे शिक्षण कारखान्यांच्या फाटकांशी आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांवर झाले. त्यामुळे कोणतेही यंत्र समोर आले की आम्हांला दोन प्रश्न सुचतात : या यंत्राने काम किती लवकर उरकले, आणि त्यातून वाचलेला वेळ कोणाच्या पदरी पडला? मेजावर मावणाऱ्या, पण पोटात दोन प्रोसेसर बाळगणाऱ्या संगणकाला आज हेच दोन प्रश्न विचारावयाचे आहेत.

हा विषय उपनगरांतल्या श्रोत्यांपुढे मांडण्यास कारण आहे. गोरेगावात १९४३ साली फिल्मिस्तान उभे राहिले, अंधेरीत १९५८ साली फिल्मालय आले, १९७३ साली सीप्झ वसले आणि १९७७ साली चित्रनगरी. म्हणजे चित्रपट आणि संगणक हे दोन्ही धंदे येथे शेजारी शेजारी वाढले. पुढे घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातले कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. अंधेरीतल्या औद्योगिक वसाहतींच्या ज्या गाळ्यांत पूर्वी लेथ फिरत होते, त्यांतल्या कित्येकांत पडदे ओढून, थंड हवा सोडून संकलनाच्या खोल्या झाल्या. फिटरचा मुलगा तेथे संगणकापुढे बसला. यंत्र बदलले, पाळी राहिली.

आता यंत्राकडे वळू. एकाच कामावर अनेक प्रोसेसर लावण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अमेरिकेकडून मोठे यंत्र मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून मोठे काम करून घेण्याचा हा मार्ग होता. तोच विचार लहान प्रमाणात मेजावर उतरला. १९९५ साली इंटेलचा पेंटियम प्रो आला. तो जोडीने चालविता येत असे. १९९९ साली तैवानच्या अबिट कंपनीने एक मदरबोर्ड काढला. इंटेलने एकट्यानेच चालावा म्हणून बनविलेला स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर त्यावर जोडीने बसत असे. २००० साली ॲपलने दोन प्रोसेसरांचा पॉवर मॅक जी-४ आणला, तर २००१ साली एएमडीचा ॲथलॉन एमपी आला.

दोन बैल जुंपले म्हणजे नांगरट दुप्पट होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते कामाच्या जातीवर अवलंबून असते. जीन ॲमडाल या अमेरिकन अभियंत्याने १९६७ सालीच याचे गमक मांडले होते. समजा, एक काम साठ मिनिटांचे आहे आणि त्यातले निम्मेच वाटून देता येते. मग दोन प्रोसेसर लावून ते तीस अधिक पंधरा, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांत होईल. शंभर प्रोसेसर लावले तरी तिसाच्या खाली येणार नाही. उलट दहातले नऊ भाग वाटण्याजोगे असतील, तर दोघांतच ते तेहतीस मिनिटांवर येईल. तात्पर्य, जो भाग एकापाठोपाठ एक असाच करावा लागतो, तो साऱ्या कामाचा वेग ठरवितो. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. साचा एकच असेल, तर ओतणारे चार ठेवून काय उपयोग?

चित्रपटाचे काम या दृष्टीने भाग्यवान. तो मुळातच सुट्या चित्रांचा बनलेला असतो. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली होती, ती याच गुणावर. संगणकाने रेखाटलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला चोवीस म्हणजे मिनिटाला १४४० चित्रे लागतात. एका चित्राला दहा मिनिटे धरली, तर एका मिनिटाच्या फितीसाठी दोनशे चाळीस तास, म्हणजे अहोरात्र दहा दिवस झाले. पाचवे चित्र चौथ्यासाठी अडून राहत नाही. म्हणून दोन प्रोसेसर लावले की दहाचे पाच दिवस होतात. विंडोज एनटी ही कार्यप्रणाली दोन्ही प्रोसेसर ओळखत होती आणि १९९६ सालचे थ्रीडी स्टुडिओ मॅक्स तीवरच चालत होते. मुंबईत याच जातीच्या कामातून पुढे ‘रोडसाइड रोमिओ’ (२००८) आणि परदेशी पडद्यासाठी ‘अल्फा अँड ओमेगा’ (२०१०) यांसारखे चित्रपट तयार झाले.

खेळांची गोष्ट निराळी. खेळणाऱ्याने कळ दाबावी, मग पात्र हलावे, टक्कर झाली की नाही ते ठरावे आणि त्यानंतर चित्र उमटावे. हे सारे सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यात. पुढचे पाऊल मागच्यावर अवलंबून असल्याने वाटणी कठीण. शिवाय घरोघरी असलेल्या विंडोज ९५ आणि ९८ यांना दुसरा प्रोसेसर दिसतच नसे. हौशी मुलाने पदरमोड करून दोन बसविले, तरी एक रिकामा बसे. ‘क्वेक थ्री’ (१९९९) या खेळात दुसरा वापरण्याची सोय होती. पण असे खेळ विरळा.

हे चित्र पालटले ते २००५ नंतर. एकाच प्रोसेसरचा वेग वाढवीत नेण्याची शर्यत उष्णतेपाशी अडली. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत इंटेलने २००४ साली सोडून दिला. २००५ साली इंटेल आणि एएमडी या दोघांनीही एकाच चिपवर दोन गाभे असलेले प्रोसेसर बाजारात आणले. काल जे मूठभरांजवळ होते, ते सर्वांजवळ आले आणि मगच खेळ लिहिणाऱ्यांनी आपली कामे वाटून लिहावयास घेतली. मूठभरांच्या सोयीसाठी कोणी धंद्याची रीत बदलीत नाही. सोय सार्वत्रिक झाली की रीत आपोआप बदलते. हा धडा यंत्रापुरता नाही.

आता दुसरा प्रश्न. दहाचे पाच दिवस झाले. उरलेले पाच कोठे गेले? अंधेरीच्या गाळ्यांतून आम्ही जे पाहिले, ते असे : यंत्र दुप्पट झाले की मुदत निम्मी होते आणि फेरफार दुप्पट मागितले जातात. पूर्वी रेंडर लावून मुलगा घरी जाऊन झोपत असे. आता ते मध्यरात्रीच उरकते, म्हणून त्याने तेथेच थांबावयाचे. यंत्र थांबत होते, तेव्हा माणसाला विसावा होता.

हे नवे नव्हे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस सूर्यास्तापलीकडे पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. कामगार खवळले, चौकशी समित्या बसल्या आणि १९११ च्या कायद्याने पुरुष कामगारांना बारा तासांची मर्यादा मिळाली. १९२८ साली दोन मागांच्या जागी तीन माग सांभाळण्याची योजना आली, तेव्हा गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. त्याआधी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने रविवारची सुट्टी मिळविली, ती काही यंत्र हळू चालत होते म्हणून नव्हे.

यंत्राला विरोध करा, असे आम्ही म्हणत नाही. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनाशी यंत्रीकरणाचा करार केला. यंत्र येणार हे मानून ते कोणत्या अटींवर येईल, हे त्यांनी टेबलाशी बसून ठरविले. चित्रपटधंद्यातही पश्चिम भारतातील सिनेकामगारांचा महासंघ १९५६ पासून उभा आहे. मात्र पडद्यामागे संगणकावर राबणारी नवी पिढी पुष्कळ ठिकाणी कंत्राटावर, कामापुरती बोलावलेली असते. तिच्या करारात कामाची तारीख असते, तासांची मर्यादा नसते.

दुसरा प्रोसेसर केव्हा राबतो आणि केव्हा रिकामा बसतो, हे गणित ॲमडालने सोडविले. वाचलेल्या तासांची वाटणी मात्र गणितात बसत नाही. ती करारात लिहून घ्यावी लागते. आणि ज्यांनी ती लिहून घेतली नाही, त्यांच्या वाट्याला यंत्राच्या वेगातून फक्त घाई आली.