फ्यूजपेटीचं बिऱ्हाड

"लाइट गेले!" असं कोणी ओरडलं की घरातला एक जण आधी खिडकीशी जाऊन समोरच्या बिल्डिंगकडे बघतो. तिथेही अंधार असेल तर सगळे निवांत. तिथे दिवे दिसले, तर मात्र बॅटरी आणि स्टूल शोधावं लागतं, कारण आपल्याकडे फ्यूजची पेटी मुख्य दाराच्या माथ्यावर, सहज हात पोचू नये अशा बेताने ठोकलेली. लंडनच्या जुन्या घरात हाच माणूस जिन्याखालच्या कपाटात शिरून कोट आणि व्हॅक्यूम क्लीनर बाजूला सारतो. शिकागोत तो तळघरात उतरतो. लॉस एंजेलिसमध्ये चक्क घराबाहेर पडून भिंतीला वळसा घालतो, आणि टोकियोत न्हाणीघराबाहेरच्या हात-तोंड धुण्याच्या जागेत मान वर करून उभा राहतो. पेटीचं काम सगळीकडे एकच. मग बिऱ्हाड इतकं निरनिराळं कसं?

मूळ एका रुक्ष गोष्टीत आहे. रस्त्यावरून घरात शिरणाऱ्या केबलवर कंपनीचा दांडगा फ्यूज असतो, पण तो काही आपल्या खोल्यांतल्या बारीक वायरी वाचवायला बसवलेला नसतो. त्यामुळे मीटर ते आपली पेटी हा पट्टा जितका आखूड तितका बरा. केबल जिथे घरात शिरते तिथून अगदी जवळ मेन स्विच हवा, असं अमेरिकेचे विद्युत नियम सांगतात. ब्रिटनमध्ये मीटर आणि पेटी यांच्यामधल्या तारा साधारण ३ मीटरच्या आत ठेवतात. म्हणजे पेटी मीटरला धरून, मीटर केबलला धरून, आणि केबल कुठून येणार हे जमीन, हवामान आणि मीटर वाचायला येणारा माणूस मिळून ठरवतात.

पहिलं बिऱ्हाड तळघरातलं. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज द्यायला सुरुवात केली. फ्यूजचं पेटंट त्याला १८८० मध्येच मिळालं होतं. बाकी सगळा नमुना त्याने गॅस कंपन्यांचा उचलला. गॅसचे नळ जमिनीखालून जात, म्हणून यानेही तारा रस्त्याखाली पुरल्या, आणि त्या साहजिकच इमारतींच्या तळघरात निघाल्या. त्याचा मीटर तर बघण्यासारखा होता. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. वीज वाहील तसं एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर चढे. ठरल्या मुदतीने माणूस येऊन पट्ट्या काढून नेई, त्या तोलल्या जात आणि वजनावरून बिल निघे. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीतच एक दिवा असे. गारठा वाढला की दोन धातूंची जोडपट्टी वाकून तो आपोआप लागे. या पट्टीकडे लक्ष ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

अमेरिकेच्या उत्तरेत तळघर आयतंच मिळतं. हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर तिथे खोली काढून घेतात. पुढे मीटर वाचणाऱ्यासाठी दार उघडायची कटकट नको म्हणून मीटर बाहेरच्या भिंतीवर गेला, पेटी मात्र त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला तळघरातच राहिली. कॅलिफोर्निया, ॲरिझोनाकडे तशी थंडी नाही आणि तळघरंही फारशी नाहीत. तिथे मीटर आणि पेटी एकाच डब्यात, बाहेर उन्हात. अमेरिकी नियमांतली एक यादी मात्र आपणही उचलावी अशी आहे: पेटी कपड्यांच्या कपाटात नको, न्हाणीघरात नको, जिन्याच्या पायऱ्यांवर नको, आणि तिच्यासमोर ३ फूट जागा कायम मोकळी हवी.

एडिसनच्या मीटरातली ती पट्टी पुन्हा भेटते ती जर्मनीत. तिथल्या मॅनहाइमच्या ह्यूगो श्टोट्झच्या कारखान्याने १९२४ मध्ये छोट्या ब्रेकरचं, म्हणजे आजच्या एमसीबीच्या पूर्वजाचं पेटंट घेतलं. त्यात दोन उपाय एकत्र होते. भार बराच वेळ जास्त राहिला तर दोन धातूंची पट्टी तापून हळूहळू वाकते आणि खटका पाडते. शॉर्टसर्किट झालं तर तेवढा धीर धरून चालत नाही, तिथे विद्युतचुंबक निमिषात खटका ओढतो. आजही तुमच्या एमसीबीत हीच जोडी आहे, आणि ती पट्टी एडिसनच्या मीटरातल्या पट्टीच्याच जातीची. पण मला श्टोट्झची खरी हुशारी दुसरीकडे दिसते. त्याचा ब्रेकर स्क्रूसारखा फिरवून बसवायचा होता, जुन्या फ्यूजच्याच आट्यांत. फ्यूज फिरवून काढा, हा फिरवून बसवा. सुतार नको, गवंडी नको. यंत्र नवं आलं, पत्ता जुनाच राहिला. पेट्यांच्या सगळ्या कुळाची खोड हीच आहे: जागा ज्या कारणाने ठरली ते कारण संपतं, जागा काही हलत नाही.

ब्रिटनमध्ये रांगेतल्या घरांची दारं थेट फुटपाथला लागून. आत शिरलं की अरुंद बोळ आणि समोर जिना. केबल फुटपाथखालून येते, आणि दाराजवळची एकमेव रिकामी जागा म्हणजे जिन्याखालचा त्रिकोण. तिथे मीटर बसला, त्याच्या शेजारी पेटी बसली, आणि मग घरातली सगळी अडगळ तिच्या अंगावर येऊन पडली. प्लास्टिकच्या पेट्यांना आगी लागू लागल्या तेव्हा लंडनच्या अग्निशमन दलाने बोंब मारली. पेटी जिन्याखाली पेटते, आणि जिना हीच तर सुटकेची वाट. अखेर १ जानेवारी २०१६ पासून घरगुती पेटी धातूची किंवा न जळणाऱ्या आवरणातली हवी, असा नियम झाला. जागा बदलण्यापेक्षा डबा बदलणं सोपं गेलं. नव्या घरांसाठी मात्र पेटीचे खटके जमिनीपासून १.३५ ते १.४५ मीटर उंचीवर हवेत असं तिथलं मार्गदर्शन आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचाही हात पोचावा म्हणून. फ्रान्समध्ये तर नव्या घरात प्रवेशदाराजवळ जमिनीपासून छतापर्यंत एक उभी खाच विजेसाठीच राखून ठेवतात.

जपानमध्ये वीज बहुतेक खांबांवरून येते, घरं लाकडी, तारा छताच्या पोकळीतून फिरतात. पेटी दाराच्या वर किंवा न्हाणीघराबाहेर, छताजवळ. टोकियो भागात तिच्यात आणखी एक खटका असे, वीज कंपनीचा, करारातले अँपिअर दाखवणारा: १० चा लाल, २० चा पिवळा, ३० चा हिरवा, ६० चा जांभळा. जितके अँपिअर जास्त, तितका स्थिर आकार जास्त. एसी, मायक्रोवेव्ह आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं की घरभर अंधार. ओसाकाकडे मात्र ही रंगांची पद्धत नाही. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर कारण कळलेल्या आगींपैकी निम्म्याहून अधिक विजेशी जोडलेल्या निघाल्या. वीज परत आली आणि पडझडीतली उपकरणं पेटली. तेव्हापासून धक्का बसताच मेन पाडणाऱ्या ब्रेकरचा तिथे आग्रह आहे.

आपल्याकडे खेड्यात तार खांबावरून वळचणीला येते. मीटर ओटीवर किंवा पडवीत, लाकडी पाटीवर. शेजारी मेन स्विच आणि पांढरे किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे उपसता येणारे फ्यूज. रीडिंगवाला ओटीवर येऊन परत जाईल, त्याला माजघरात कशाला न्यायचं? मुंबईच्या चाळीत मीटर तळमजल्याच्या जिन्याखाली रांगेने, प्रत्येकाखाली रंगाने खोलीचा नंबर, आणि खोलीत दारावर मेन स्विच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तळमजल्यावरच्या मीटर-खोल्या पाण्यात गेल्या, तेव्हा या रांगेची किंमत कळली.

किटकॅट उंचावर ठेवण्याला अर्थ होता. तो उपसला की आत उघडं पितळ आणि त्यात जिवंत वीज; पोरांचा हात पोचता कामा नये. वायरमन स्टुलावर चढे, टेस्टर तोंडात, वायरीचं कव्हर सोलून त्यातली एक बारीक तार वेगळी काढी आणि दोन स्क्रूंत आवळी. वारंवार फ्यूज उडतो म्हणून वैतागून कोणी जाड तार बांधली, की फ्यूज वाचे आणि भिंतीतली वायर जळे. एमसीबी आला तसं उघडं पितळ गेलं, भीती गेली. पेटी दारावरच राहिली. आता तर तिच्यात विजेची गळती होताच पडणारा आरसीसीबीही असतो. त्याचं 'टी' लिहिलेलं बटण अधूनमधून दाबून, तो पडतो की नाही हे बघायचं असतं. दारावर चढून ते कोण दाबणार? त्यात इंटिरियरवाले पेटीपुढे प्लायवूडचं दार लावतात, नाहीतर खाली चपलांचं कपाट ठोकून स्टूल ठेवायची जागाही खातात. पेटी दिसायला वाईट असते हे मान्य, पण ती लपवायची वस्तू नव्हे.

म्हणून घराचं काम काढणार असाल तर टाइल्सच्या रंगाआधी पेटीचं बोलून घ्या. मुख्य दाराजवळ, छाती ते डोळ्यांच्या उंचीत, समोर लाकूड नाही, बाजूला नळ नाही. जुनी पेटी हलवता येत नसेल तर निदान तिच्यापुढचं सामान हटवा, आणि प्रत्येक खटक्याखाली 'गिझर', 'फ्रिज', 'स्वयंपाकघर' असं ठळक मराठीत लिहून चिकटवा. तुम्ही घरी नसताना शेजारच्या काकूंना मेन पाडायची वेळ आली, तर त्यांना ते वाचता आलं पाहिजे.