डोण, द्रोण आणि मालदीवची दोनी

मालदीवच्या मुख्य विमानतळाबाहेर पडले की समोर धक्का लागतो आणि धक्क्याला बोटी. सुटीवर आलेल्या माणसाला आपल्या बेटावर न्यायला स्पीडबोट असते, दिवसाउजेडीच उडणारे सीप्लेन असते, सरकारी फेरी असते. या सगळ्यांहून जुनी ती उंच वळणदार नाळेची नाव. मराठी प्रवासवर्णनांत तिला सर्रास ‘धोनी’ म्हणतात. हा ‘ध’ रोमन लिपीने घातलेला घोळ आहे. दिवेही भाषेच्या रोमन लेखनात ‘डी’ हे अक्षर ‘ड’साठी राखलेले, म्हणून ‘द’साठी ‘डीएच’ लिहितात. मूळ उच्चार ‘दोनि’. भाषेचे नावही त्याच न्यायाने ‘दिवेही’. ते ‘द्वीप’वरून आलेले, आपल्या दीव बंदराच्या नावाचे भावंड.

आता ‘दोनि’ कुठला? दिवेही ही सिंहलीची बहीण, आणि सिंहलीत ‘दोणिय’ आहे. कन्नडात ‘दोणि’, तमिळ-मलयाळममध्ये ‘तोणि’. दिवेही लिपीत ‘ण’साठी वेगळे अक्षर होते, ते गेल्या शतकाच्या मध्याला गळाले, त्याआधीचे रूप ‘दोणि’च असावे. इथून संस्कृत ‘द्रोणी’ हाकेच्या अंतरावर दिसते. काही अभ्यासक ‘तोणि’ मूळ द्राविडी मानतात आणि पोखरणे, खणणे या अर्थाच्या धातूकडे बोट दाखवतात. ओंडका पोखरूनच पहिली नाव झाली असणार, तेव्हा अर्थ दोन्हीकडून जुळतो. पण दिवेहीतला आरंभीचा ‘द’ पाहता माझा कौल द्रोणीला.

द्रोणीचे घराणे मोठे रसाळ आहे. ‘द्रु’ म्हणजे लाकूड. द्रुम, दारु, देवदार त्याच गोतातले, आणि फारसी ‘दार’ही, ज्याचा अर्थ लाकूड आणि फाशीचा खांबही. ऋग्वेदात द्रोण हे सोमरसाचे लाकडी पात्र. महाभारतातले आचार्य अशाच पात्रात जन्मले म्हणून द्रोण. रामायणात भरत येईपर्यंत दशरथाचा देह तैलद्रोणीत ठेवतात. पुढे द्रोण धान्याचे माप झाला, चार आढकांचा. दोन डोंगरांमधली खोलगट दरीही द्रोणी. देहरादूनमधला ‘दून’ हाच. लाकूड मागे पडले आणि पोकळी तेवढी अर्थात उरली, असे दिसते. म्हणून तर आपला जेवणावळीतला द्रोण पळसाच्या पानांचा असून द्रोणच राहिला, आणि विहिरीकाठची गुरांची डोण दगडाची असून डोण. जुन्या डोणीचा काठ पाहावा: पिढ्यान्‌पिढ्या गुरांच्या माना घासून तो मध्यभागी खाली गेलेला, गुळगुळीत झालेला असतो. तिचा लांबट, दोन्हीकडे उचललेला आकार नावेचाच.

दिवेहीत ‘मस्’ म्हणजे मासा, थेट ‘मत्स्य’वरून, मासेमारीची नाव ती ‘मस्-दोनि’. कोकणातल्या कोळ्याला हा शब्द निम्मा तरी उलगडावा. मालवाहू मोठ्या नावेला मालदीवमध्ये ‘ओडि’ म्हणतात. तमिळ ‘ओडम्’, कन्नड ‘ओड’, संस्कृत कोशांतला ‘होड’ आणि आपली ‘होडी’ ही एकाच माळेतली असावीत. ‘ह’ मागाहून चिकटला असावा. नाव हाकणाऱ्याचा शब्द मात्र आपण फारसीतून घेतला: नाव आणि खुदा मिळून नाखुदा, म्हणजे नावेचा धनी, त्याचा आपल्या किनाऱ्यावर नाखवा झाला. त्यातली ‘नाव’ संस्कृत ‘नौ’ची सख्खी बहीण.

१९७२ मध्ये मालदीवमध्ये पहिले पर्यटक-निवास उघडले, तेव्हा पाहुणे दोनीनेच जात. मग त्याच दशकात शिडाच्या जागी डिझेलचे इंजिन आले आणि पुढे नारळाच्या लाकडाबरोबर फायबरही वापरात आले. २०१८ मध्ये माले शहर आणि विमानतळ यांमध्ये पूल झाला, तेव्हा तेवढ्या टप्प्यापुरती टॅक्सीही आली. बाकी बहुतेक बेटांना पाणी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही, आणि शीड जाऊन इंजिन आले तरी नावेचे नाव कोणी बदललेले नाही.

मराठीत तिला ‘दोनी’ लिहावे, ‘दोणी’ लिहिले तर त्याहून बरे. ‘धोनी’ मात्र सोडावे. आणि वाचकांना एक विनंती: तुमच्याकडे खाडीत किंवा नदीत चालणाऱ्या लहान नावेला कोणी ‘डोण’ अथवा ‘डोणी’ म्हणत असेल, तर गावाच्या नावासह जरूर कळवा.