बरणीला तळ असतो का? गाचा गेम्सची गोष्ट

आजचा विषय माझ्या मावसभावामुळे सुचला. तो बारावीला आहे. तीन आठवड्यांपूर्वी घरी आला आणि माझ्या फोनवर एक गेम टाकून गेला. गेन्शिन इम्पॅक्ट. म्हणाला, "ताई, फुकट आहे, बघ तरी." फुकट खरंच होता, पण जागा एवढी खाल्ली की मला एका लग्नाचे सगळे व्हिडिओ उडवावे लागले. (लग्न माझं नव्हतं, म्हणून फार वाईट वाटलं नाही.)

पहिले दोन-तीन दिवस मी नुसती फिरत होते. फुकट गेम म्हणजे दर दोन मिनिटांनी जाहिरात, अशी माझी समजूत. इथे एकही जाहिरात नाही. बहीण-भावाची ताटातूट होते, आपण एका अनोळखी जगात येऊन पडतो, पायमॉन नावाची एक बडबडी सोबतीण मिळते आणि मग समोर दिसेल त्या कड्यावर चढायचं. मॉन्डश्टाट शहराच्या सगळ्यात उंच जागेवरून ग्लायडर उघडून खाली झेपावले तेव्हा वाटलं, एवढं सगळं हे लोक फुकट का देतायत?

उत्तर 'विश'च्या पडद्यावर मिळालं. विश म्हणजे सोडत. खेळणारी पोरं त्याला 'पुल' म्हणतात. गेममधले १६० प्रायमोजेम दिले की एक पुल. आकाशातून तारा पडतो. निळा पडला तर साधं शस्त्र, जांभळा पडला तर बरं काहीतरी आणि सोनेरी पडला तर पंचतारांकित. नवीन माणसाला पहिल्या दहा पुल्सवर सूट मिळते आणि नोएल नावाची पात्र हमखास मिळते. मलाही मिळाली. मी खूश. मग कोपऱ्यातल्या 'डिटेल्स' बटणावर बोट पडलं आणि तिथे आकडे होते. पंचतारांकित मिळण्याची शक्यता ०.६ टक्के. ९० पुल्सच्या आत एक हमखास.

आता हे बघा, मला गेम्स फार कळत नाहीत, पण आकडे कुठून आले हे शोधायची खोड आहे. नव्वद का? हमखास का? कंपनीला एवढं दयाळू व्हायची गरज काय?

त्यासाठी जपानमध्ये जावं लागतं, १९६५ साली. शिगेता र्‍यूझो नावाच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतली नाणं टाकून खेळणी देणारी यंत्रं जपानमध्ये आणली. आत प्लास्टिकच्या कॅप्सूल, कॅप्सूलमध्ये खेळणं, किंमत १० येन. मूठ फिरवली की 'गाचा' असा आवाज आणि कॅप्सूल खाली पडली की 'पोन'. नाव तिथूनच आलं. १९७७ मध्ये बांदाई कंपनी १०० येनच्या कॅप्सूल घेऊन उतरली आणि ही यंत्रं जपानभर पसरली.

या यंत्रातली महत्त्वाची गोष्ट आवाज नाही, काच आहे. काचेतून आत किती कॅप्सूल उरल्यात ते दिसतं. आपल्याकडेही शाळेसमोरच्या दुकानात एक पुठ्ठा टांगलेला असायचा, आठवतंय? रुपया द्यायचा, चिकटवलेली चिठ्ठी फाडायची. बहुतेक वेळा गोळी निघायची, कधीतरी बॅट-बॉल. आम्ही शहाणी पोरं आधी नुसती उभी राहायचो. इतरांना चिठ्ठ्या फाडू द्यायचो. दहा-बारा उरल्या आणि बॅट अजून लटकलेली दिसली, की मग घरून रुपये आणायला पळायचं. कारण पुठ्ठा संपणार हे माहीत असायचं. बरणीला तळ होता.

फोनवर आल्यावर गाचाचा हा तळ गेला. संगणकाच्या सोडतीत कॅप्सूल कमीच होत नाहीत. प्रत्येक वेळी बरणी पहिल्यासारखी काठोकाठ भरलेली. एक टक्का शक्यता असेल तर लोकांना वाटतं, शंभर वेळा ओढलं की एक मिळणारच. तसं नसतं. शंभर वेळा ओढूनही एकही न मिळणारे शंभरातले साधारण ३७ जण असतात. पुठ्ठ्यावर शंभर चिठ्ठ्या आणि एक बॅट असेल, तर शंभराव्या चिठ्ठीपर्यंत बॅट निघालेलीच असते. दोन्हीकडे शक्यता एक टक्काच सांगता येते, पण खेळ एक नाही.

२०१० च्या आसपास जपानी मोबाइल गेम्सनी यात आणखी एक पेच घातला, 'कंप्लीट गाचा'. सोडतीतून ठरावीक पाच-सहा कार्डं जमवा, संच पूर्ण झाला की मोठं बक्षीस. ऐकायला सोपं. हिशेब करू. पाच कार्डं, सगळ्यांची शक्यता सारखी. पहिलं कार्ड पहिल्याच झटक्यात नवीन असतं. शेवटच्या एकासाठी मात्र सरासरी पाच वेळा ओढावं लागतं. संच दहाचा असेल तर शेवटच्या एकट्या कार्डासाठी सरासरी दहा वेळा, आणि पूर्ण संचासाठी २९ च्या वर. त्यातही प्रत्यक्षात सगळी कार्डं सारखी नसायचीच. नऊ जमलेला माणूस थांबेल का सांगा.

मे २०१२ मध्ये जपानची ग्राहक व्यवहार संस्था यावर बंदी आणणार अशी बातमी फुटली आणि ग्री आणि डीएनए या दोन मोठ्या कंपन्यांचे शेअर्स एका दिवसात साधारण पाचव्या हिश्शाने कोसळले. त्याच महिन्यात संस्थेने कंप्लीट गाचा बेकायदा असल्याचं जाहीर केलं. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. खाऊच्या पाकिटातली कार्डं जमवून संच पूर्ण करायला लावणं, याला 'कार्ड जुळवणी' म्हणून १९७७ मध्येच मनाई झालेली होती. हो, बांदाई कॅप्सूलमध्ये उतरली तेच साल. लहान मुलांना पाकिटांमागे धावायला लावू नका म्हणून लिहिलेला नियम ३५ वर्षांनी मोठ्या माणसांच्या फोनला लागू पडला.

साधा गाचा मात्र चालूच राहिला. बरणी तळाशिवायच. मग आली २०१६ ची सुरुवात. ग्रॅनब्लू फँटसी या गेममध्ये नववर्षाच्या निमित्ताने आंचिरा नावाचं पात्र आलं, थोड्या दिवसांसाठी. एका खेळाडूने ती मिळेपर्यंत लोकांसमोर लाइव्ह सोडत ओढली. ती मिळाली, पण तोवर सुमारे ७ लाख येन गेले होते. केवढा गदारोळ झाला! शेवटी सायगेम्सने नियम केला की ३०० वेळा ओढूनही हवं ते मिळालं नाही, तर तुमच्या पसंतीचं पात्र घ्या. तेव्हाच्या दराने ३०० वेळा म्हणजे ९० हजार येन. जपानी खेळाडू अशा मर्यादेला 'तेन्जो' म्हणतात, म्हणजे छत. मला विचाराल तर ते छत नाही, तो पुन्हा बसवलेला तळ आहे. फक्त फार खोल.

सगळ्यांनी लगेच हे केलं नाही. फेट/ग्रँड ऑर्डर २०१५ ला सुरू झाला आणि जपानमध्ये त्याला अशी मर्यादा यायला २०२२ उजाडलं. दरम्यान चीन सरकारने १ मे २०१७ पासून सोडतीतल्या शक्यता उघड करणं सक्तीचं केलं. आणि २८ सप्टेंबर २०२० ला शांघायच्या मिहोयो कंपनीचा गेन्शिन आला, तो ०.६ टक्के आणि ९० हे आकडे डिटेल्समध्ये छापूनच. मी ज्याला कंपनीची दया समजले होते, त्यामागे एवढी भांडणं होती.

पण थांबा. ९० ला मिळणारं पंचतारांकित पात्र तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. मूळ नियमाप्रमाणे ते अर्धं-अर्धं. (२०२४ मध्ये हे पारडं थोडं खेळाडूच्या बाजूने झुकवलं गेलं.) चुकलं तर पुढचं मात्र नक्की हवं तेच. म्हणजे नशीब अगदीच फुटकं असेल तर १८० पुल्स, २८,८०० प्रायमोजेम. शिवाय खेळाडूंनी हजारो पुल्सच्या नोंदी ठेवून शोधून काढलंय की ७४ च्या आसपास शक्यता एकदम वर चढते. त्यामुळे सगळे आपापला आकडा तोंडपाठ ठेवून असतात, आम्ही पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या मोजायचो तसा. दुकानदाराला आमचं ते मोजणं का चालायचं, हे मला आत्ता कळतंय. तळ दिसल्यावरच आम्ही घरी पळायचो ना, रुपये आणायला.

परवा रात्री मावसभावाचा फोन आला. "ताई, ७३ झालेत. प्रायमो संपले. थोडे पैसे जीपे करशील? पुढच्या महिन्यात देतो, आईला सांगू नकोस." माझा सगळा अभ्यास ताजा होता. मी म्हटलं, "अरे, तो ७३ कुठे जात नाही. बॅनर बदलला तरी पुढच्या बॅनरवर मोजणी तिथूनच सुरू होते. रोजचं खेळून जमव की."

तो म्हणाला, "आकडा राहतो गं. पण ही जाते ना मंगळवारी. परत कधी येईल कोणाला माहीत?"

अजून मी पैसे पाठवलेले नाहीत. मंगळवार उद्या आहे.